लाईट गेली की पाईपलाईन फुटते: पाईप बदलण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा. पलूस तालुक्यातल्या एका शेतकरी भावांनी कृष्णेवरून शेतापर्यंत पाच हजार फूट पाईपलाईन केली आहे. 140 मिमी, 6 केजीचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला 6 किलो दाब झेपणारा) पीव्हीसी पाईप, 15 एचपीचा मोनोब्लॉक पंप, आणि नदीपासून शेतातल्या तोंडापर्यंत चढ साधारण 105 फूट. वाटेत तीन हजार फुटांवर एक टेक लागतं, ते उतरलं की ओढा आणि ओढ्यापलीकडे शेत. पहिले चार हंगाम त्रास नव्हता. गेल्या वर्षापासून लाईट गेली की लाईन फुटते. कधी मोटरजवळ पाईप लांबट चिरतो, कधी ओढ्यातला जोड निसटतो. दुकानदार सांगतो, सगळी लाईन 10 केजीची करा. करावी का?

दादा, माझं उत्तर आहे, आत्ता नको. तुम्ही लिहिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाईन चालू असताना फुटत नाही, लाईट गेल्यावर फुटते. म्हणजे पाणी चढवण्याचा दाब पाईपला झेपतोय. झेपत नाही ते पाण्याचं अचानक थांबणं. या दोन दुखण्यांचं औषध वेगळं आहे.

आधी चालू लाईनचा हिशोब करू. दहा मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे जवळपास 1 केजी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. तुमचा चढ 32 मीटर. 15 एचपीला या उंचीवर सेकंदाला साधारण 15 लिटर पाणी मिळत असेल, आणि ते दीड किलोमीटर पाईपमधून जाताना घर्षणात आणखी 13 मीटर जातात. एकूण 45 मीटर, म्हणजे मोटरजवळ साडेचार केजी. 6 केजीच्या पाईपला हे चालतं. ओढा तर नदीपेक्षा बराच वर आहे. तो 18 मीटर वर धरला तर तिथे चालू दाब जेमतेम 1.8 केजी येतो. पावणेदोन केजीला 6 केजीच्या पाईपचा जोड निसटत असेल तर तिथे काही क्षणांसाठी याच्या दुप्पट-तिप्पट दाब येतोय, किंवा जोडच नीट झालेला नाही. तुमच्याकडे मला दोन्ही दिसतंय.

आता लाईट जाते तेव्हा काय होतं ते पाहा. तुमच्या लाईनमध्ये एका वेळी वीस हजार लिटर पाणी असतं, म्हणजे वीस टन. वेग सेकंदाला 1.1 मीटर, माणसाच्या चालीएवढा. उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे चालीच्या वेगानं निघाल्यात आणि पुढे भिंत आली, असं समजा. वेग कमी असला तरी वजन वीस टन आहे, आणि त्याचा जोर कुठेतरी जिरावाच लागतो. मोनोब्लॉकचा फिरता भाग हलका, त्यामुळे लाईट गेल्यावर एक-दोन सेकंदांत पंप पाणी ढकलायचं थांबतो. पुढचं पाणी मात्र आपल्या जोरावर शेताकडे जातच राहतं. मग पंपाच्या तोंडाशी दाब एकदम पडतो आणि ही दाबपडीची लाट पाईपमधून पुढे धावते. शेतातल्या उघड्या तोंडावर आपटून ती परत येते, पाणी उलटं फिरतं, आणि एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी पंपापुढची झडप) बंद असेल तर त्यावर येऊन धडकतं. धडकीचा दाब चालू दाबाच्या वर जातो.

हा दाब किती, हे रशियातल्या निकोलाय झुकोव्स्कींनी 1898 मध्ये मांडलं. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाईपवर त्यांनी त्याचे प्रयोग केले होते. सूत्र सोपं आहे. लाटेचा वेग गुणिले पाण्याचा बदललेला वेग, भागिले 9.81, म्हणजे वाढणारा दाब मीटरमध्ये. लाटेचा वेग पाईपच्या कडकपणावर ठरतो. लोखंडी पाईपमध्ये लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास धावते. 6 केजीच्या पीव्हीसीत भिंत थोडी फुगते, म्हणून ती तीनशे मीटरच्या आसपास राहते. तुमच्यासाठी 300 गुणिले 1.1 भागिले 9.81, म्हणजे साधारण 33 मीटर, 3.3 केजी. चढाचे 32 मीटर त्यात मिळवले की मोटरजवळ साडेसहा केजी होतो.

नवा चांगला पाईप साडेसहाला लगेच फुटणार नाही, त्याची क्षणिक ताकद त्याच्या बरीच वर असते. पण पीव्हीसी थकतो. रोज दोन-चार वेळा लाईट जाते-येते, दर वेळी तोच ठोका, आणि चारीत एखादा धोंडा पाईपला टेकलेला असेल किंवा खांद्यावरून ओढत नेताना ओरखडा पडला असेल तर चीर तिथून सुरू होते. चार हंगाम निघाले आणि पाचव्याला सुरू झालं याचं एक कारण हेच असणार.

खरा खलनायक मला टेकावर दिसतो. तीन हजार फुटांवरचं टेक नदीपासून 28 मीटर वर असेल तर चालू लाईनमध्ये तिथे फक्त नऊ मीटरचा दाब उरतो. लाईट गेल्यावर 33 मीटरची दाबपडीची लाट तिथे पोहोचते. नऊमधून तेहतीस गेले की पाणी हवेच्या दाबाच्याही खाली जाऊ पाहतं, पण तिथे एक मर्यादा आहे. आपली सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे हवेचा दाब साडेनऊ-पावणेदहा मीटर पाण्याइतकाच. त्याखाली पाणी थंड असतानाही वाफ धरतं. पाईपमध्ये टेकावर पोकळी होते आणि पाणी दोन तुकड्यांत तुटतं. ओढ्याकडचा तुकडा थोडा पुढे जाऊन थांबतो, परत फिरतो आणि पोकळी मिटवत अलीकडच्या पाण्यावर आदळतो. या आदळण्याला मध्ये हवेची गादी नसते, म्हणून तो ठोका फार कोरडा बसतो आणि दोन्ही बाजूंना धावतो. ओढ्यातले बेंड नेमके त्याच्या पहिल्या वाटेवर आहेत.

मग सगळी लाईन 10 केजीची केली तर? टिकेल, हे खरं. पण पाईप बाहेरून तोच 140 मिमी, भिंत जाड, म्हणजे आतलं भोक लहान. तेवढंच पाणी न्यायचं तर वेग वाढतो, घर्षण साधारण वीस टक्क्यांनी वाढतं आणि शेतात पाणी कमी पडतं. भिंत कडक झाल्यानं लाट साडेतीनशेच्या वर धावते, त्यामुळे ठोका 3.3 वरून साडेचार केजीच्या जवळ जातो. टेकावरची पोकळी तशीच होत राहते आणि ओढ्यातले कच्चे जोड तसेच निसटत राहतात. दुकानदार वाईट हेतूनं सांगत असेल असं मी म्हणत नाही, फुटलेल्या पाईपला जाड पाईप हे सगळ्यांना सुचतं. पण पैसे जिथे रोग आहे तिथे घाला.

हे सगळे आकडे तुमच्या प्रश्नावरून काढलेत. टेकाची खरी उंची, पंपाचं खरं पाणी आणि पाईपची भिंत यांनुसार ते वर-खाली होतील. टेक शेताच्या तोंडापेक्षा दहा-पंधरा मीटर खाली असतं तर तिथे पोकळीची भीती खूप कमी झाली असती आणि मी वेगळं बोललो असतो. लाईन पाचशे फुटांची असती तर एवढं लिहिलंच नसतं. म्हणून पहिलं काम मोजण्याचं.

डिलिव्हरीवर, एनआरव्हीच्या पुढे, ग्लिसरीन भरलेला 16 केजीपर्यंतचा गेज बसवा. साधा कोरडा गेज ठोक्यानं काटा मोडून घेतो. चालू दाब टिपा. मग मेन स्विच पाडून काटा कुठपर्यंत उसळतो ते मोबाईलवर व्हिडिओ काढून पाहा, कारण डोळ्यानं ते सापडत नाही. लाट तुमच्या लाईनमध्ये जाऊन यायला दहा सेकंद घेते, टेकावरून परतायला सहा. पहिली उसळी सहा सेकंदांच्या आसपास दिसली तर टेकाबद्दल मी म्हणतोय ते बरोबर आहे.

आणि फुटलेला तुकडा भंगारात टाकू नका. लांबट सरळ चीर असेल तर दाब किंवा थकवा. चिरेच्या एका टोकाला खोलगट ओरखडा दिसला तर धोंड्यानं केलंय. जोड निसटून पाईपच्या टोकावर सोल्युशनचा, म्हणजे जोड चिकटवायच्या गोंदाचा, चकचकीत, अखंड थर तसाच असेल तर तो जोड कधी चिकटलाच नव्हता. पाईप आत चेपलेला असेल तर पोकळीनं चेपला. मी कुठल्याही गावात गेलो की आधी हे तुकडे मागतो, कारण लाईनची हकीकत त्यांच्यावर लिहिलेली असते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मला विचारायची आहे. गेल्या वर्षी स्टार्टरला ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच, लावलात का? शेतीची लाईट पाळीनं येते, रात्रीबेरात्री नदीवर कोण जाणार, म्हणून आपल्याकडे सगळे ऑटो लावतात आणि त्यात चूक काही नाही. पण लाईट झपकन जाऊन दोन सेकंदांत परत आली की ऑटो मोटर लगेच उचलतो. लाईनमध्ये पाणी अजून मागे-पुढे हेलकावतंय, त्यात नवा धक्का. पॅनेलमध्ये टायमर घालून घ्या आणि लाईट आल्यावर मोटर पाच मिनिटांनी सुरू होईल असं ठेवा. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच आहे, आणि कित्येक ठिकाणी एवढ्यानं अर्धं दुखणं गेलेलं मी पाहिलंय.

ऑटोला जोडूनच फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या ओढ पाईपच्या तळाची झडप) आणि एनआरव्ही. लाईट गेल्यावर पंपाजवळ उभे राहून ऐका. एनआरव्हीतून मोठा धाडकन आवाज आला तर त्याची झडप उशिरा, पाणी उलटं वाहू लागल्यावर मिटतेय. पंपाचा शाफ्ट उलटा फिरत राहिला तर ती मिटतच नाही. जुन्या झुलत्या झडपेची बिजागरी गंज आणि गाळानं जड झाली की असं होतं. त्याऐवजी स्प्रिंगवाला, पाणी थांबताच मिटणारा एनआरव्ही घ्या. आणि फूट व्हॉल्व्ह, एनआरव्ही दोन्ही गळत असतील तर आणखी एक प्रकार होतो. टेकाच्या अलीकडची तीन हजार फूट लाईन रिकामी होते, पण ओढ्यातलं पाणी खोलगटात अडकून तसंच राहतं. पुढच्या वेळी पंप तीन हजार फूट हवा ढकलत नेतो आणि ती अडकलेल्या पाण्यावर दाबली जाते. रिकाम्या लाईनला विरोध नसल्यानं पाणीही नेहमीपेक्षा जोरात धावतं. म्हणून रिकामी लाईन भरताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवून तास-दीड तास निवांत भरू द्यावी. हातानं बंद करायची तर आधी व्हॉल्व्ह हळूहळू मिटवा, मग मोटर बंद. दहा सेकंदांच्या आत मिटवलेला व्हॉल्व्ह तुमच्या लाईनला अचानक मिटवल्यासारखाच असतो. शिवाय चाकाच्या या व्हॉल्व्हमध्ये पाणी खरं अडतं ते शेवटच्या काही फेऱ्यांत. तिथे मिनिटभर लावा.

आता टेक. तिथे दोन इंची, दुहेरी काम करणारा एअर व्हॉल्व्ह हवाच. दाब पडला की तो बाहेरची हवा आत घेतो, पोकळी होत नाही आणि दोन पाण्यांच्या मध्ये हवेची गादी राहते. पण घेतलेली हवा त्यानं झटकन सोडली तर पाणी पुन्हा आदळतंच. म्हणून हवा मोकळेपणानं घेणारा आणि सावकाश सोडणारा व्हॉल्व्ह मागून घ्या. दुकानात मिळेल तो उचलू नका. जागा नजरेनं ठरवू नका, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा आणि खऱ्या सर्वांत उंच बिंदूवर बसवा. वीस-तीस फूट चुकला तरी हवा उंचवट्यावर साठते आणि व्हॉल्व्ह शेजारी कोरडा बसून राहतो. खाली कॉक ठेवा, भोवती विटांचा चेंबर करा, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून धुवा. कृष्णेचं पावसाळी पाणी गाळाचं असतं, आतला गोळा अडकतो. काही जण व्हॉल्व्हऐवजी उघडा उभा पाईप लावतात. तुमच्या टेकावर चालू दाबच नऊ मीटर आहे, म्हणजे तीस फुटांच्या वर पाईप उभा करावा लागेल, नाहीतर पाणी तिथूनच सांडेल. तुमच्याकडे ते जमणारं नाही.

एवढं करूनही गेजवर काटा साडेपाचच्या वर जात असेल तर मोटरजवळ दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह लावा, किंवा बंद डोक्याची हवेची टाकी. टाकी उत्तम काम करते, पण आतली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि ती पुन्हा भरावी लागते. हे काम कुणी नेमानं करणार नसेल तर टाकी नको. तत्त्व तेच जे कोयनेला आहे. धरणातलं पाणी बोगद्यातून वीजघराकडे जाताना वाटेत सर्ज टँक आहे. टर्बाईनची झडप मिटली की धावत्या पाण्याला वर चढायला तिथे जागा मिळते आणि बोगद्यावरचा आघात वाचतो. धावत्या पाण्याला थांबायला वेळ आणि जागा द्यायची, कोयनेच्या त्या डोंगरात काय आणि तुमच्या पाच हजार फुटांत काय.

ओढ्याबद्दल मात्र मला कारागिरीचं बोलायचं आहे, कारण तिथे कुठलाही व्हॉल्व्ह कच्च्या कामाची भरपाई करणार नाही. 140 मिमी पाईपचं तोंड 154 चौरस सेंटिमीटर. ठोक्याच्या वेळी ओढ्यात 5 केजी धरला तर 90 अंशाच्या एल्बोवर हजार किलोहून जास्त रेटा येतो, 45 अंशाच्या बेंडवर सहाशेच्या जवळ. हा रेटा जोडातल्या सोल्युशननं धरावा अशी अपेक्षा चूक आहे, तो काँक्रीटनं धरायचा असतो. ओढ्याच्या काठावर पाईप जिथे खाली वळतो तिथे रेटा वर असतो, म्हणून तिथे वजन हवं. सहाशे किलो म्हणजे पाव घनमीटर काँक्रीट, त्याहून थोडं जास्तच घाला आणि पाईपला पट्टीनं बांधा. तळाशी जिथे पाईप आडवा होतो तिथे काँक्रीट न उकरलेल्या, घट्ट जमिनीला टेकलं पाहिजे. जेसीबीनं काढलेली माती परत भरून त्यावर ठोकळा टेकवला तर पहिल्या पावसात माती दबते आणि ठोकळा नुसता लोंबकळतो. माझं मत विचाराल तर ओढ्यापुरता फ्लँजचा लोखंडी पाईप घाला. तसंच जॅकवेलपासून (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीपासून) काठाच्या डोक्यापर्यंतही. तिथे पीव्हीसी उघडा राहतो, उन्हात तापतो आणि तापलेल्या पीव्हीसीची ताकद घटते. शिवाय महापुरात काठ सुटतो. 2019 नंतर आणि पुन्हा 2021 नंतर नदीकाठच्या कितीतरी लाईनी फुटलेल्या नव्हत्या, उघड्या पडून तरंगल्या होत्या.

जोड करताना पाईपचं टोक काटकोनात कापा, कानशीनं कड उतरवा, सॉकेटमध्ये किती जायला हवं ती खूण पेन्सिलीनं करा. दोन्ही बाजू कोरड्या फडक्यानं पुसून पातळ सलग थर लावा, खुणेपर्यंत सरळ दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर पाईप हळूच मागे सरकतो. घट्ट झालेलं सोल्युशन पातळ करून वापरू नका, फेकून द्या. ओल्या चिखलात जोड करू नका. ओढ्यात पाणी असेल तर जोड काठावर करून तयार तुकडा उतरवा. आणि पाचटाच्या किंवा टायरच्या जाळावर पाईप तापवून वाकवलेला बेंड किंवा फुगवलेलं सॉकेट लाईनमध्ये कुठे असेल तर ते आधी काढा. भिंत तिथे एका बाजूला पातळ झालेली असते आणि करपलेला पीव्हीसी ठिसूळ असतो. लाईन फुटायची तर तिथेच फुटेल.

चारी तीन फूट खोल हवी, आणि तुमच्या काळ्या रानात पाईपखाली-वर चार बोटं बारीक मुरूम किंवा चाळलेली माती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाईपला घेऊन हलते. मोटरजवळचा चिरलेला भाग बदलताना पहिले दोनशे-अडीचशे फूट 10 केजीचे घातलेत तर माझी हरकत नाही. दाब तिथेच सर्वांत जास्त आहे, आणि एवढ्या लांबीचं घर्षण तुम्हाला जाणवणारही नाही.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात गेज आणि टायमर, मग एनआरव्ही आणि टेकावरचा एअर व्हॉल्व्ह, आणि ओढ्याचं काम पाणी आटल्यावर, जोडांना पूर्ण एक दिवस सुकू देऊन. गेज बसवल्यावर तीन आकडे इथेच लिहा. चालू दाब, स्विच पाडल्यावरची सर्वांत मोठी उसळी, आणि ती किती सेकंदांनी आली. फुटलेल्या पाईपचा आतून-बाहेरून फोटोही टाका. रिलीफ व्हॉल्व्ह लागेल की नाही ते त्यावरून सांगतो.